आनुवंशिक रक्तविकार : चाळणी आणि निदान

हजेरीपटावर दर महिन्याला चार-सहा दिवस गैरहजर दिसणारा एखादा मुलगा बहुतेक शाळांत असतो. थंडी पडली की त्याचे सांधे धरतात. पावसात भिजला की ताप येतो. मैदानाला दोन फेऱ्या मारल्या की धाप लागते. डोळ्यांत पिवळसर झाक दिसते. शिक्षक त्याची गणना आळशांत करतात, घरची माणसे दृष्ट काढतात आणि दवाखान्यात ‘रक्त कमी आहे’ एवढ्याच निदानावर लोहाच्या गोळ्या मिळतात. कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव या तालुक्यांतील शिक्षकांना असा विद्यार्थी अपरिचित नसावा. अशा प्रत्येक मुलाला सिकलसेलचा विकार असतोच असे मुळीच नाही. परंतु तो आहे किंवा नाही हे रक्ताच्या काही थेंबांवरून सांगता येत असताना, केवळ कोणी तपासले नाही म्हणून त्याचे बालपण आळशीपणाच्या आरोपाखाली सरावे, ही परिस्थिती कोणत्याही समाजाला भूषणावह नाही.

हा प्रश्न आता शासनाच्या विषयपत्रिकेवर आला आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत हा विकार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू द्यावयाचा नाही, असे त्याचे उद्दिष्ट आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याला या उद्दिष्टाशी जवळचे कर्तव्य आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार होती आणि तीत एक लाखाहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे, मुख्यतः आंध समाजाचे होते. शेजारचे यवतमाळ व वाशीम हे जिल्हे विदर्भातले, आणि विदर्भात सिकलसेलचा आढळ जुना आहे. सोयरीक जिल्ह्याच्या सीमा पाहून होत नाही. शिवाय हा विकार केवळ आदिवासींचा, ही समजूतही चुकीची आहे. नागपूर विभागात तो अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीयांतही आढळलेला आहे.

तपासलेल्यांचा आकडा वाढत जाणे ही गोष्ट स्वागतार्हच आहे. तथापि चाळणी म्हणजे निदान नव्हे आणि निदान म्हणजे निर्णय नव्हे. या तीन गोष्टींची गल्लत झाली, तर कोट्यवधी चाचण्या होऊनही दुःख कमी होणार नाही. किंबहुना काही घरांत ते नव्याने निर्माण होईल. म्हणून कोणती चाचणी काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे डॉक्टरांइतकेच सुशिक्षित नागरिकांनीही समजून घेणे आवश्यक आहे.

एका अक्षराची चूक

१९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष पेशीत नसून पेशीतील हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे दाखविले. पुढे काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी त्या रेणूतील नेमकी जागा शोधली. बीटा साखळीतील १४६ घटकांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढाच तो फरक. जनुकाच्या लिपीत पाहिले, तर एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर आलेले असते. परंतु तेवढ्याने प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून ताठ दोरे बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याची पेशी दहा-वीस दिवसांतच नष्ट होते. पंडुरोग आणि कावीळ यांचे मूळ तेथे आहे.

थॅलेसेमियाचा प्रकार याहून वेगळा आहे. तेथे हिमोग्लोबिनची साखळी विकृत नसते, ती पुरेशी तयारच होत नाही. तीव्र थॅलेसेमियाच्या मुलाला आयुष्यभर दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागते. भारतातील सहा शहरांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण २.७८ टक्के आढळले होते. म्हणजे शंभर विद्यार्थ्यांच्या सभागृहात दोन-तीन वाहक असावयाचे, आणि त्यांपैकी बहुधा कोणालाही ते ठाऊक नसावयाचे.

‘वाहक’ हा शब्द येथे नीट समजून घेतला पाहिजे. प्रत्येक जनुक माणसाला दोन प्रतींत मिळते. एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच प्रत सदोष असेल तो वाहक. तो सर्वसाधारणपणे निरोगी असतो, शेती करतो, नोकरी करतो, संसार करतो. आई व वडील दोघेही वाहक असले, तरच प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याचा संभव चारात एक असतो. चारात दोन वेळा ते आईवडिलांसारखे वाहक आणि चारात एक वेळा पूर्णतः मुक्त असते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब काही घरांत केला जातो. तो साफ चुकीचा आहे. प्रत्येक वेळी डाव नव्याने मांडला जातो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत मराठवाड्यात अजून आहे. आजोबांकडून एकच सदोष प्रत दोघांकडे आलेली असण्याचा संभव अशा विवाहात वाढतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

चाळणीतून काय सुटते

गावपातळीवर सर्वाधिक प्रचलित असलेली चाचणी विद्राव्यतेची. एका विशिष्ट द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात. सिकल हिमोग्लोबिन त्यात विरघळत नाही, द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरील काळ्या रेघा दिसेनाशा होतात. चाचणी स्वस्त आहे, तत्काळ होते, आरोग्य उपकेंद्रातही करता येते. परंतु तिच्या मर्यादा मोठ्या आहेत. गढूळपणा दिसला तरी तो माणूस वाहक आहे की रुग्ण आहे, हे ती सांगत नाही. जन्मानंतर पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच अधिक असते, त्यामुळे सहा महिन्यांखालील बाळाच्या बाबतीत ती भरवशाची नाही. अलीकडे प्रतिपिंडांवर आधारित कागदी पट्ट्या आल्या आहेत. बोटाच्या थेंबावर त्या वाहक आणि रुग्ण यांतील भेद काही मिनिटांत दाखवितात. ही निश्चितच प्रगती आहे.

परंतु खरी अडचण पुढेच आहे. या दोन्ही चाचण्या सिकल हिमोग्लोबिन शोधतात, थॅलेसेमिया शोधत नाहीत. समजा, नवरा सिकलसेलचा वाहक आहे आणि बायको थॅलेसेमियाची वाहक आहे. बायकोची विद्राव्यता चाचणी होते, द्रावण स्वच्छ राहते, कागदावर ‘निगेटिव्ह’ असा शिक्का बसतो आणि दोन्ही घरे निर्धास्त होतात. त्यांच्या प्रत्येक अपत्याला मात्र सिकल-थॅलेसेमिया हा संयुक्त विकार होण्याचा संभव चारात एक असतो, आणि त्यातील तीव्र प्रकार सिकलसेलइतकाच कष्टदायक असतो. चाळणीने फसविले असे येथे म्हणता येणार नाही. ज्या कामासाठी ती बनलेली नाही, त्या कामाचे प्रमाणपत्र तिच्याकडून घेतले गेले, एवढाच त्याचा अर्थ.

थॅलेसेमियाच्या वाहकांसाठीही साधी चाळणी आहे. ०.३६ टक्के क्षाराच्या द्रावणात निरोगी तांबड्या पेशी फुटतात व द्रावण पारदर्शक होते. वाहकाच्या पेशी तग धरतात व ते गढूळ राहते. नेहमीच्या रक्ततपासणीत पेशींचे आकारमान कमी आढळले, तरी तोच इशारा समजावा. ज्या स्त्रियांना वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत दोष गोळ्या न खाण्याचा नसून थॅलेसेमियाच्या वाहकत्वाचा असू शकतो. त्यांची ही तपासणी करावयाची सोडून त्यांना निष्काळजी ठरविणे अन्यायाचे आहे.

चाळणीत अडकलेल्या प्रत्येक नमुन्याची दुसरी तपासणी झाली पाहिजे. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिनचे निरनिराळे प्रकार निरनिराळ्या वेगाने सरकतात व त्यांचे पट्टे वेगळे दिसतात. एचपीएलसी या यंत्राने प्रत्येक प्रकाराचे प्रमाणही मोजता येते. सिकलसेलचा वाहक व रुग्ण यांतील भेद त्यात स्पष्ट होतो. ए-टू या प्रकाराचे प्रमाण साडेतीन-चार टक्क्यांच्या वर गेले, तर माणूस बहुधा थॅलेसेमियाचा वाहक असतो. अर्थात यंत्रालाही डोळस माणूस लागतो. शरीरात लोह फारच कमी असेल, तर ए-टूचे प्रमाण खाली येऊन वाहक नजरेतून सुटू शकतो. आणि नुकतेच रक्त चढविलेल्या मुलाचा नमुना तपासला, तर अहवालात रक्तदात्याचे हिमोग्लोबिन उमटते.

जनुकाची परीक्षा

जेथे ही यंत्रे थबकतात, तेथे जनुकाची परीक्षा उपयोगी पडते. १९७८ साली युएत वाय कान व आंद्रे डोझी यांनी डीएनएच्या साहाय्याने गर्भातील सिकलसेलचे निदान शक्य असल्याचे दाखविले. १९८५ साली पीसीआर या तंत्राचा, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या कृतीचा, पहिला प्रसिद्ध झालेला उपयोग सिकलसेलच्याच निदानासाठी होता. साऱ्या जगाला महामारीच्या काळात परिचित झालेल्या या तंत्राचा आरंभ गरिबांच्या या रोगापासून व्हावा, हा योगायोग विसरण्याजोगा नाही.

सिकलसेलच्या बाबतीत चूक एकाच ठिकाणी असल्याने शोधणे सोपे असते. बीटा थॅलेसेमियात चुकांचे प्रकार दोनशेहून अधिक आहेत. मात्र भारतात त्यांपैकी मोजकेच वारंवार आढळतात, म्हणून प्रथम त्यांचाच शोध घेतात व तेथे काही न सापडल्यास संपूर्ण जनुकाचे वाचन करतात. डीएनए वयाप्रमाणे बदलत नाही. रक्त चढविल्यानेही त्या परीक्षेत सहसा बाधा येत नाही. तथापि ती सर्वांची करण्याची आवश्यकता नाही. दोघेही वाहक असलेले जोडपे, वारंवार रक्त घेणारे मूल, यंत्राचा संदिग्ध अहवाल आणि गर्भातील बाळ, या ठिकाणी मात्र तिला पर्याय नाही.

गर्भाच्या तपासणीसाठी वेळ महत्त्वाची असते. सुमारे दहा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान वारेच्या ऊतीचा सूक्ष्म अंश किंवा पंधरा-सोळा आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन ती करतात. त्याआधी आईवडील दोघांच्या जनुकांतील दोष कोणता, हे ठाऊक असावे लागते. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात आलेल्या स्त्रीपुढे मार्ग फार थोडे उरतात. गर्भलिंगनिदानास मनाई करणारा १९९४ चा कायदा हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांसाठी, नोंदणीकृत केंद्रात व ठरावीक अटींवर, अशा तपासणीस मुभा देतो. गर्भाचे लिंग सांगण्यास कदापि देत नाही. हा भेदही लोकांना समजावून सांगितला पाहिजे, कारण भीतीपोटी कायदेशीर तपासणीही टाळली जाते.

मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे. १९५७ साली रक्तगटांच्या संदर्भकेंद्राच्या रूपाने तिचा प्रारंभ झाला. तिचे एक केंद्र चंद्रपूर येथेही आहे. देशात ज्ञान नाही, यंत्रे नाहीत, असे म्हणण्याची सोय त्यामुळे उरलेली नाही. हिंगोलीचा माणूस आणि ते ज्ञान यांत पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतर आहे, हा खरा प्रश्न.

कलंकाची भीती

चाचणी विवाहापूर्वी सक्तीची करावी, असा एक उपाय वारंवार सुचविला जातो. त्यामागील तळमळ खरी असली, तरी जगाचा अनुभव सावधपणाचा आहे. ग्रीसमधील ओर्कोमेनोस या गावी सर्वांची सिकलसेल तपासणी करून वाहकांना तसे सांगण्यात आले. काही वर्षांनी पाहता वाहकांकडे संशयाने पाहिले जात होते, सोयरीक जुळविताना माहिती लपविली जात होती, आणि दोन वाहकांची लग्ने काही घटली नव्हती. अमेरिकेत १९७० नंतरच्या काही वर्षांत अनेक राज्यांनी सक्तीचे कायदे केले. परिणामी निरोगी वाहकांनाच नोकरीत व विम्यात झळ पोहोचली. तेथील हवाई दलाच्या प्रबोधिनीत १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश नव्हता. उलट सायप्रसमध्ये विवाहापूर्वी चर्चला जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यावर तपासणी व सल्ला झाल्याची नोंद असते; निकाल नसतो आणि विवाहास बंदीही नसते. तेथे तीव्र थॅलेसेमियाची नवी मुले जन्मणे जवळजवळ थांबले.

आपल्याकडे कलंकाचा भार कोणावर पडेल, हे सांगावयास ज्योतिषी नको. गर्भवती म्हणून दवाखान्यात स्त्री येते, म्हणून प्रथम तपासणी तिची होते, म्हणून दोष तिच्या नावावर लिहिला जातो. नवऱ्याची तपासणी अनेकदा राहूनच जाते. वस्तुतः रुग्ण मुलाच्या रक्तातील निम्मा वारसा बापाचा असतो. वाहक ठरलेल्या मुलीचे लग्न मोडणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय ते निष्फळही आहे. वाहक नसलेल्या मुलाशी तिचा विवाह झाला, तर त्या जोडप्याला रुग्ण मूल होण्याची भीती नसते.

हे जनुक म्हणजे पूर्वजन्मीचे पाप नव्हे आणि जातीचा डागही नव्हे. पुढे भारताचे नागरिकत्व स्वीकारलेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलेसेमियाबाबत मलेरियाचा तर्क मांडला आणि १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी सिकलसेलबाबत त्याला पुरावा दिला. ज्या प्रदेशांत मलेरियाने पिढ्या गारद केल्या, तेथे एक सदोष प्रत असलेली माणसे अधिक प्रमाणात तगली. आज ज्याला दोष म्हटले जाते, त्याच्याच बळावर कोणाचे तरी पूर्वज जगले. हा धडा विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात जितका शोभेल, तितकाच ग्रामसभेतही शोभेल.

जिल्ह्याने काय करावे

हिंगोली येथे २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आनुवंशिक रक्तविकारांच्या पक्क्या निदानाची आणि समुपदेशनाची व्यवस्था हे त्याच्या आद्य कर्तव्यांपैकी एक मानले जावे. सिकलसेलबरोबर थॅलेसेमियाचीही चाळणी व्हावी. ज्यांची चाचणी ‘निगेटिव्ह’ आली, त्यांना ती कशाबाबत निगेटिव्ह आहे हे लेखी सांगितले जावे. जनुकपरीक्षेसाठी माणसाला मुंबईस धाडण्याऐवजी त्याचा नमुना धाडावा. नळीतल्या रक्ताला रोजगार बुडण्याची चिंता नसते. ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास बाहेर पडणाऱ्या कुटुंबांची तपासणी व औषधे निघण्यापूर्वीच व्हावीत, कारण तहान, थंडी आणि अतिश्रम ही विळ्याच्या पेशींची आवडती निमंत्रणे आहेत. गर्भारपणाची नोंदणी पहिल्या तीन महिन्यांत आणि पत्नी वाहक आढळताच पतीची तपासणी त्याच आठवड्यात, हा नियम पाळला जावा. अहवाल ज्याचा त्याच्या हाती द्यावा. शाळेच्या फलकावर वा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्याची यादी लागता कामा नये.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. रुग्ण मुलांचा जन्म टाळणे एवढाच या चाचण्यांचा हेतू मानला, तर जी मुले जन्मली आहेत त्यांचा तो अपमान होईल. लवकर निदान झालेल्या बाळाला पेनिसिलीन, आवश्यक लसी आणि पुढे हायड्रॉक्सीयुरिया मिळाले, तर त्याचे आयुष्य वाढते व वेदना घटतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांचा समावेश आहे. त्याचा लाभ मिळण्यासाठीही पक्क्या निदानाचा कागद लागतो. तो कागद वेळेवर पुढे सरकविणे हे ज्या लिपिकाच्या हाती आहे, त्याचे काम डॉक्टरच्या कामाहून कमी मोलाचे नाही.

निर्णय अखेर त्या जोडप्याचा, त्या आईचा, त्या तरुणाचा असतो. शासनाने चाळणी द्यावी, प्रयोगशाळेने निदान द्यावे, शिक्षकाने समज द्यावी. निर्णयाचा अधिकार मात्र कोणी काढून घेऊ नये. आणि हजेरीपटावर त्या मुलाच्या नावापुढे पुन्हा चार दिवसांची गैरहजेरी लागली, तर छडी उचलण्यापूर्वी शिक्षकाने एकदा त्याच्या घरी जाऊन, त्याची रक्ततपासणी झाली आहे काय, एवढे विचारावे. या अभियानाचे यश सात कोटींच्या आकड्यावर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक त्या एका प्रश्नावर अवलंबून आहे.